दादा सोबत आहे ना, मग जा

मराठी घरात रॉक संगीत आईवडिलांकडून येत नाही. आईकडून भावगीतं येतात, बाबांकडून नाट्यगीतं, आजीकडून भूपाळ्या. रॉक येतं ते दादाकडून. तो इंजिनिअरिंगला लागतो, हॉस्टेलवर राहतो, दिवाळीच्या सुट्टीत धुवायच्या कपड्यांबरोबर चार कॅसेटी घरी आणतो आणि धाकट्या बहिणीला नाद लागतो. कधी ही जागा ताई घेते, नाही असं नाही. पण केबलवर एमटीव्ही दिसू लागलं तेव्हा शाळेत असलेल्या माझ्या पिढीत हे काम बहुतेक घरांत मुलाकडेच होतं. कारण सरळ आहे. हॉस्टेलवर तो होता, रात्री उशिरा घरी आला तरी फक्त ‘जेवलास का’ एवढंच त्याला विचारलं जायचं, आणि काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तासभर उभं राहून काहीही न घेता परत यायची मुभाही त्यालाच होती.

भावाबहिणीने एकाच बँडवर जीव टाकावा, ही गोष्ट लोकांना फार आवडते. मलाही आवडते. मोठी कॉन्सर्ट झाली की दुसऱ्या दिवशी असा एखादा फोटो हमखास बघायला मिळतो: दोघांचे एकसारखे काळे टी-शर्ट, घामेजलेले चेहरे, मागे रंगमंचाचा उजेड. त्या फोटोबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती फोटोत न दिसणाऱ्या एका वाक्याबद्दल. ‘दादा सोबत आहे ना, मग जा.’ हे वाक्य कुणी बोललं नसतं तर त्यातल्या कितीतरी बहिणी तिथे पोचल्याच नसत्या. आता घरांनी हे वाक्य बोलायचं थांबवावं, असा उपदेश मी करणार नाही. काळजी करणाऱ्या आईला उपदेश करून काही होत नाही. पण ते बोलायची वेळच येऊ नये, ही जबाबदारी शहर चालवणाऱ्यांची, परवाने देणाऱ्यांची आणि तिकिटं विकणाऱ्यांची आहे, आणि ती त्यांनी कधी आपली मानलेली नाही.

आमच्या घरात आयर्न मेडन हा इंग्लंडचा बँड आला तो नव्वद मिनिटांच्या एका टीडीकेच्या कॅसेटवर. आतल्या कार्डावर दादाच्या बारीक, तिरक्या अक्षरात गाण्यांची नावं होती, शेवटचं नाव मावलं नाही म्हणून कडेने उभं लिहिलेलं. कुणी वर काही भरू नये म्हणून त्याने कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही चकत्या तोडून ठेवल्या होत्या. आईने त्यातल्या एका भोकावर चिकटपट्टी लावून रेडिओवरचा हरिपाठ भरला. त्यामुळे बी बाजू सुरू केली की आधी माउली आणि मग, हरिपाठ संपल्यावर, मध्येच पकडलेली गिटार. ती कॅसेट आम्ही तशीच ऐकली. दादाने ऐकवलं, मी ऐकलं, मग मी त्याच्याआधी शब्द पाठ केले, मग त्याने माझी परीक्षा घेतली. ही परीक्षा घ्यायची सवय मुलांना का असते, कोण जाणे. बँडचं नाव छापलेला टी-शर्ट घातलेल्या मुलीला आजही कुणीतरी विचारतंच, ‘तीन गाणी सांग बरं.’ मुलाला असं विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

मेडन भारतात पहिल्यांदा वाजले ते १७ मार्च २००७ रोजी, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. दादा मित्रांबरोबर उद्यान एक्सप्रेसने गेला. मी तेव्हा नोकरीला लागले होते, पगार माझ्या खात्यात येत होता, तिकिटाचे पैसे मला कुणाकडे मागावे लागले नसते. तरी मी जावं की नाही, हा प्रश्न घरात निघालाच नाही. कुणी नको म्हटलं नाही, कारण मी विचारलंच नाही. पुढल्या वर्षी, १ फेब्रुवारी २००८ ला, ते मुंबईत आले. त्यांचा त्या वेळचा जगदौरा सुरूच मुळी इथून होत होता, बांद्रा-कुर्ला संकुलातून. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन हा रीतसर वैमानिक. त्या दौऱ्यात बँडचं बोईंग विमान तो स्वतः चालवत होता. म्हणजे गायक विमान हाकत खंड ओलांडून येतोय, आणि मला बांद्र्याहून डोंबिवलीला जायला भाऊ लागतोय.

तो आला. आम्ही बऱ्यापैकी पुढे शिरलो. गर्दी दाबू लागली तशी दादाने माझ्या दोन्ही बाजूंनी हात काढून समोरचा कठडा पकडला आणि पाठीने मागची गर्दी तोलत उभा राहिला. माझ्याभोवती हातभर मोकळी जागा तयार झाली. त्या जागेत मी नाचले, ओरडले, घसा बसेपर्यंत गायले. गाणी चालू असताना तो मान वळवून मागे, डावीकडे, उजवीकडे बघत होता. बंगळूरला त्याने मेडन पाहिले. मुंबईत त्याने मला सांभाळलं. त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही त्या वेळी हे मनावर घेतलं नाही.

इथे ‘किती प्रेमळ भाऊ’ म्हणून थांबता येतं. होताच प्रेमळ. पण प्रेम आणि पहारा ही दोन कामं एकाच माणसावर टाकली की पहिल्याचा वेळ दुसरं खातं. बहिणीला कार्यक्रम भावाच्या मर्जीने, त्याच्या सुट्टीने, त्याच्या आवडीने मिळतो. भावाला मिळतो तो अर्धा. शिवाय ज्यांना भाऊ नाही, किंवा आहे पण त्याला गझला आवडतात, त्यांचं काय? दोन बहिणींच्या घरात ‘दादा सोबत आहे ना’ कोण म्हणणार? आमच्या इमारतीत अशा दोघी होत्या. मेडनची गाणी त्यांना माझ्याहून जास्त पाठ होती. २००८ च्या त्या संध्याकाळी त्या घरीच होत्या.

रॉकच्या इतिहासातही बहीण अशीच कडेला सापडते. एसी/डीसी म्हटलं की अँगस आणि माल्कम यंग हे दोन भाऊ. १९७३ साली सिडनीत त्यांनी बँड काढला. मोठा भाऊ जॉर्ज याने आधी स्वतःच्या बँडमधून नाव कमावलं होतं, त्याने यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्सची निर्मिती केली. तीन भावांची ही कहाणी सगळ्यांना ठाऊक असते. पण बँडचं नाव शिलाई मशीनवरच्या अक्षरांवरून सुचवलं ते त्यांच्या बहिणीने, मार्गारेटने, आणि अँगसने शाळेचा गणवेश घालून वाजवावं ही कल्पनाही तिचीच, असं बँडच्या माणसांनीच सांगितलेलं आहे. जगभर ज्या दोन गोष्टींवरून तो बँड ओळखला जातो त्या दोन्ही बहिणीच्या. आणि ज्या बहिणी मशीनपाशी न थांबता माइकपाशी गेल्या, त्यांच्या वाट्याला काय आलं? हार्ट या बँडच्या अ‍ॅन आणि नॅन्सी विल्सन या सख्ख्या बहिणी. त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीने त्या दोघींत काही भलतेच संबंध असल्याचं सुचवणारी जाहिरात छापली, खप वाढावा म्हणून. त्या संतापातून १९७७ साली त्यांचं एक गाजलेलं गाणं निघालं. दोन भाऊ एका बँडमध्ये असले की लोक त्यांची भांडणं चवीने मोजतात. ओएसिस या बँडच्या गॅलघर बंधूंनी बँड फुटल्यावर १६ वर्षांनी, २०२५ मध्ये, पुन्हा एकत्र दौरा केला तर त्याचं कोण कौतुक झालं! बहिणींच्या बाबतीत मात्र चौकशी वेगळीच असते.

एक मोठा फरक माझ्या डोळ्यांदेखत पडला, तो नोंदवायला हवा. ऐकण्यावरची दादाची मक्तेदारी संपली. फोन आला, स्वस्त डेटा आला, आणि कॅसेटसाठी दिवाळीच्या सुट्टीची वाट बघायची गरज उरली नाही. बरेच जण याच्यावर हळहळतात: घरात एकच टेपरेकॉर्डर होता म्हणून भावंडं एकत्र ऐकायची, आता ज्याच्या त्याच्या कानात वेगळं गाणं. मला ही हळहळ निम्मी खोटी वाटते. एका टेपरेकॉर्डरवर काय लावायचं हे ठरवणारा हात बहुधा एकच असायचा. माझ्या भाचीने लिंकिन पार्क हा बँड स्वतः शोधला, आणि त्यांनी २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँग ही गायिका घेतल्यावर तर ती त्यांच्यावर अधिकच लुब्ध झाली. जुनी गाणी बरी की नवी, यावर ती आपल्या मामाशी, म्हणजे आमच्या दादाशी, तावातावाने भांडते. तिच्या वयाची असताना मी असं भांडले नव्हते. मला माहीत असलेलं सगळं त्याच्याकडूनच आलेलं होतं, भांडणार कशाच्या बळावर?

ऐकणं असं सुटलं, पण जाणं अजून तिथेच अडकलंय. हीच भाची कॉलेजात आहे, एकटी लोकलने रोज ये-जा करते. तिला एका बँडच्या कार्यक्रमाला जायचं होतं. घरात खल झाला. मामाला सुट्टी नव्हती. शेवटी तोडगा निघाला तो असा, की धाकट्या भावाला सोबत न्यावं. धाकटा भाऊ आठवीत आहे. त्याला रॉक आवडत नाही, गर्दीत त्याला रडू येतं, आणि परतीच्या गाडीत तो तिच्याच खांद्यावर झोपला. पण सोबत होती.

आता कुणी म्हणेल, रात्रीची वेळ, गर्दी, दारू पिणारी पोरं, काळजी वाटणारच. मान्य. पण मग विसर्जनाचं काय? अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर पहाटेपर्यंत बायका-मुली असतात. पुण्यात ढोल-ताशा पथकांत मुली कमरेला ढोल बांधून तासन्तास वाजवतात, महिना-दोन महिने आधी नदीकाठी रोज संध्याकाळी सरावाला जातात, आणि त्यांच्या घरचे त्यांचे फोटो कौतुकाने नातेवाइकांना पाठवतात. गर्दी तिथे कमी असते का? आवाज कमी असतो का? पिऊन आलेले नसतात का? त्या दिवशी लोक निर्धास्त असतात याची दोन कारणं मला दिसतात. एक, तो उत्सव आपला वाटतो, आणि रॉक अजून ‘त्या लोकांचं’ वाटतं. हे बदलायला वेळ लागेल, लागू दे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. त्या रात्रीसाठी शहर तयार असतं. रेल्वे रात्रभर जादा लोकल सोडते, बेस्ट जादा बस सोडते, चौकाचौकांत पोलीस असतात, हरवलेल्या मुलांसाठी मंडप असतो, रस्ते उजळलेले असतात. हीच व्यवस्था ३१ डिसेंबरला काही प्रमाणात दिसते. म्हणजे करता येतं, जमतं, दर वर्षी जमतं.

मुंबईच्या रॉकची एक जुनी जागा या संदर्भात आठवते. धोबीतलावजवळचं रंगभवन. सरकारी मालकीचं खुलं नाट्यगृह, शहराच्या मधोमध. १९७८ साली जाझ यात्रा हा महोत्सव तिथे सुरू झाला, पुढे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सवही तिथे होऊ लागला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि चर्चगेट दोन्हीकडून चालत जाता यायचं, मरीन लाइन्स तर अगदी जवळ. हार्बर, मध्य, पश्चिम, कुठल्याही मार्गावरची मुलगी कार्यक्रम संपल्यावर कुणालाही न विचारता गाडी पकडू शकत होती, आणि तीही सुरुवातीच्या स्थानकावरून, म्हणजे बसायला जागा मिळण्याची शक्यता धरून. पुढे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. रंगभवनच्या एका अंगाला सेंट झेवियर्स कॉलेज, दुसऱ्या अंगाला रुग्णालयं. तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. रुग्णांच्या झोपेपेक्षा गिटार महत्त्वाची, असं मी म्हणणार नाही. तो नियम योग्यच आहे. पण एक मध्यवर्ती, परवडणारी जागा गेली तेव्हा तिच्या बदल्यात दुसरी तशीच जागा द्यायला हवी होती, ती कुणी दिली नाही. कार्यक्रम मोठे झाले आणि मैदानांवर, स्टेडियमांवर गेले, आणि तिकिटं हजारांत गेली.

त्याच नियमांत रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, असंही आहे. राज्य सरकारला वर्षातले १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, आणि आपल्याकडे ते दिवस बहुतेक सणांना जातात. रॉकचे चाहते या दहाच्या बंधनावर कायम नाक मुरडतात. मला ते बंधन म्हणजे वरदान वाटतं. दहाला कार्यक्रम संपला तर शेवटच्या लोकलला दोन तास हातात असतात. घोळ होतो तो त्या दोन तासांत. हजारो माणसं दोन-तीन दारांतून बाहेर पडतात, रिक्षावाले मीटर टाकत नाहीत, अ‍ॅपवरची टॅक्सी तिप्पट भाडं दाखवते आणि मग रद्द होते, स्टेशनचा रस्ता कोणता हे सांगणारी पाटी नसते, आणि बायकांच्या शौचालयापुढे रांग अशी की त्यात शेवटची दोन गाणी जातात. यातला एकही प्रश्न सुटण्यासारखा नाही, असं कोण म्हणेल?

सरकारला कॉन्सर्ट दिसत नाहीत, असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या बँडचे कार्यक्रम नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन दिवस आणि अहमदाबादला दोन दिवस झाले, आणि लगेच त्याच महिन्यात पंतप्रधानांनी भुवनेश्वरला ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’बद्दल भाषण केलं. अहमदाबादसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या. अर्थव्यवस्था म्हटली की हॉटेलं भरतात, विमानाची तिकिटं खपतात, कर गोळा होतो, हे हिशेब मांडले जातात. कोल्डप्लेच्या मुंबईतल्या तिकिटांची किंमत अडीच हजारापासून पस्तीस हजारांपर्यंत होती, आणि विक्रीनंतर काही तासांत काळ्या बाजारात तीच तिकिटं कितीतरी पटींनी फिरत होती. याचा भावंडांशी काय संबंध? सरळ आहे. दोन मुलांच्या मध्यमवर्गीय घरात एवढ्या महाग वस्तूची एकच प्रत घेतली जाते, आणि ती कुणाला मिळते हे ठरवताना ‘रात्री परत कसं येणार’ हा प्रश्न एकाच मुलाला विचारला जातो. रंगभवनच्या काळात तिकीट परवडायचं म्हणून दोघं जायची. आता पैसे आणि रात्र मिळून तिला घरी बसवतात.

हां, एक गमतीचा बदलही झालाय. भाऊबीजेला भावाने बहिणीला कॉन्सर्टचं तिकीट ओवाळणी म्हणून घालण्याची चाल आमच्या ओळखीत दोन-तीन घरांत पडली होती. आता पुण्यात, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या बहिणी उलट भावाला तिकीट देतात, आणि वर म्हणतात, ‘तूच चल, म्हणजे आई काही बोलणार नाही.’ पैसे तिचे, आवड तिची, आणि तिकीट त्याच्यासाठीही काढायचं, तेही तिला बाहेर पडता यावं म्हणून. सोबतीचा हा खर्च कुठल्या अर्थव्यवस्थेत धरायचा?

‘हे लाडाचे प्रश्न आहेत, पाण्याचं बघा आधी’ असंही ऐकू येईल. कार्यक्रम संपल्यावर मैदान झाडणाऱ्या, शौचालयं धुणाऱ्या, दाराशी मुलींची झडती घेणाऱ्या सुरक्षारक्षक बायका प्रेक्षकांच्याही नंतर बाहेर पडतात. स्टेशनपर्यंतचा उजळलेला रस्ता आणि सव्वाअकराची जादा लोकल त्यांना आधी लागते, माझ्या भाचीला नंतर. आणि ढिसाळपणाची किंमत फक्त मुली मोजतात, असंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केरळात कोचीच्या विद्यापीठात संगीताच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरची गर्दी आत घुसली, पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन चार जण गेले. त्या गर्दीत भाऊ सोबत असून उपयोग नव्हता.

म्हणून मागणी अगदी रोकडी आहे. असा कार्यक्रम करायचा तर पोलिसांचा परवाना लागतो, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागतो, ध्वनीची परवानगी लागते. त्या परवान्याच्या अटींतच परतीची सोय घाला. किती माणसं येणार, त्यातली किती रेल्वेने जाणार, रेल्वेशी बोलणी झाली का, बेस्ट किंवा नवी मुंबईच्या एनएमएमटीच्या किती बस दाराशी उभ्या राहणार, स्टेशनपर्यंत दिवे कोण लावणार, बायकांची शौचालयं किती: हे लेखी आल्याशिवाय शिक्का मारू नका. जादा लोकलचा खर्च आयोजकाकडून घ्या. पस्तीस हजारांचं तिकीट विकणाऱ्याला तो जड नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, प्रत्येक शहरात रुग्णालयांपासून दूर आणि स्टेशन-स्थानकांच्या जवळ एक खुलं, स्वस्त भाड्याचं नाट्यगृह बांधा, जिथे नव्या बँडला शे-दोनशे रुपयांच्या तिकिटात वाजवता येईल. आणि तिकिटावर पॉवर बँक, छत्री, पाण्याची बाटली आणू नये अशी जी लांबलचक यादी छापता, तिच्याखाली शेवटच्या गाडीची वेळ आणि स्टेशनकडे उघडणाऱ्या दाराचा क्रमांकही छापा.